हे कसं केलंस?

पंधरा सेंटचं सबवेचं टोकन घ्या आणि न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्याला उतरा. १९६० साल, पानगळीचे दिवस. सहाव्या अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर लिव्हिंग थिएटरची इमारत आहे. खाली नाटकं चालतात, वर मर्स कनिंगहॅमचा नाचाचा स्टुडिओ आहे. जिने चढून जा. बूट दाराशी काढा, हे तुम्हाला सांगायला नको. जिथे नाच होतो तिथे मराठी माणूस बूट घालून शिरत नाही.

आत रॉबर्ट डन शिकवतोय. मुळात संगीतातला माणूस, कनिंगहॅमच्या वर्गांना पियानोची साथ करणारा. संगीतकार जॉन केजच्या हाताखाली शिकलेला, आणि हा वर्ग घेण्याचं काम केजनेच त्याच्या गळ्यात घातलेलं. समोर विद्यार्थी जेमतेम पाच. त्यातली तीन नावं पुढे जगभर गाजणार आहेत: सिमोन फोर्टी, स्टीव्ह पॅक्स्टन, इव्हॉन रेनर. आत्ता मात्र ती जमिनीवर मांडी ठोकून बसलेली तरुण मुलं आहेत. तुम्हीही बसा, पंक्तीत एक जास्तीचा कोणाला जड होत नाही.

गृहपाठ चमत्कारिक आहे. एरिक सातीच्या ‘जिम्नोपेदी’ या पियानोच्या रचना घ्यायच्या, त्यातला मात्रांचा हिशोब तेवढा ठेवायचा आणि त्या मापात नाच बसवायचा. तबल्याच्या गणितात वाढलेल्या कानाला यात फार नवल वाटणार नाही. पण आणखी एका दिवशी फर्मान निघतं: एक मिनिटाचा नाच करा. पॅक्स्टन उठतो, बाकावर बसतो आणि सँडविच खातो. तुम्ही बाकीच्यांच्या तोंडाकडे बघता. कोणी तरी हसेल, कोणी तरी म्हणेल की बाबा, हा काय नाच झाला?

कोणी म्हणत नाही. डन चर्चा सुरू करतो, आणि खरी गंमत इथेच आहे. चांगलं की वाईट, आवडलं की नाही, याला या खोलीत जागा नाही. हे कसं केलंस, नियम कोणता धरलास, सुरुवात कशावरून ठरली, एवढंच विचारायचं. तुमच्या जिभेवर ‘छान’ येऊन थांबतं, कारण ‘छान’ला पुढचा प्रश्नच नसतो. त्या काळी आधुनिक नृत्यात रचना शिकायची तर लुई हॉर्स्टकडे जायचं. तो मार्था ग्रॅहमचा एकेकाळचा संगीत दिग्दर्शक. ठरलेले साचे, आणि विद्यार्थ्याला सोलून काढणारी शेरेबाजी. डनच्या वर्गात निकाल देणारा पंचच उठून गेलाय. माझ्या मते या मंडळींचा सगळ्यात मोठा शोध हाच. पुढचे सगळे चाळे, आणि चाळे पुष्कळ झाले, त्यातून निघाले.

पुढच्या काळात ट्रिशा ब्राउन या वर्गात येते. तेव्हाचा गृहपाठ: तीन मिनिटांचा नाच करा. बस, एवढंच. ‘करा’ म्हणजे काय, ‘नाच’ म्हणजे काय, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आता थोडं पुढे सरका. ६ जुलै १९६२, शुक्रवार संध्याकाळ. वॉशिंग्टन स्क्वेअरच्या दक्षिणेला पिवळसर विटांचं जडसन मेमोरियल चर्च. वास्तुरचना स्टॅनफर्ड व्हाइटची, रंगीत काचा जॉन ला फार्जच्या. मागच्या वर्षी चौकात गाणाऱ्या पोरांवर पोलीस धावून गेले, तेव्हा या चर्चचे पाद्री हॉवर्ड मूडी पोरांच्या बाजूने उभे राहिले होते. दुसरे पाद्री अल कारमाइन्स, नाटक-संगीताचे वेडे. डनच्या विद्यार्थ्यांना शहरातल्या एका प्रतिष्ठित सभागृहाने निवड चाचणीत नापास केल्यावर हे दार उघडलं. नाच काय असणार हे नीट कळलेलं नसतानाही चर्चने जागा दिली. आपल्याकडे किती देवळांचे विश्वस्त असं करतील, हे मी विचारत नाही.

प्रवेश फुकट. आत तीनशेच्या आसपास माणसं, पंख्याला दाद न देणारा उकाडा, घामाने पाठीला चिकटलेले शर्ट. खुर्चीपर्यंत पोचायला चालू सिनेमाच्या झोतातून जावं लागतं, म्हणजे क्षणभर तुमच्याच सदऱ्यावर चित्रं हलतात. सिनेमा मावळता मावळता नाचणारे त्याच जागेत येऊन उभे राहतात.

मग चौदा जणांच्या तेवीस रचना, सुमारे तीन तास. सगळ्या सांगत नाही, काही विसरण्यासारख्याच आहेत. रेनर अंग तोडून-जोडून नाचता नाचता आपण आजवर राहिलो त्या रस्त्यांची नावं म्हणत जाते. तिच्या हालचालीत गोष्ट नाही आणि रस्त्यांच्या नावांतही नाही, तरी एका मुलीचं आयुष्य तुमच्यासमोरून जातं. इलेन समर्सच्या नाचात थर्माकोलचे मोठे ठोकळे फाशांसारखे फेकतात. रंग आणि आकडा पडेल तसं नाचायचं. फ्रेड हर्कोच्या रचनेच्या नावात स्नीकर्स आहेत, पाय मात्र अनवाणी. डेव्हिड गॉर्डन रक्ताचे डाग पडलेला प्रयोगशाळेचा कोट घालून उभा आहे. तो गाणी गुणगुणत इतक्या सावकाश वळत वळत जमिनीकडे जातो की कधी आडवा झाला ते कळत नाही. मधेच तुमच्या हातात फुगा येतो. फुगवायचा आणि हवा सोडायची, हीच त्याला साथ. शेजारची बाई मनापासून हवा सोडते. चर्चभर चिरका आवाज भरतो, आणि तुमच्या लक्षात येतं की आपणही वाजतोय.

दिवे कोणी सांभाळलेत? रॉबर्ट रॉशेनबर्ग, चित्रकार. इथे चित्रकार दिवे लावतात, संगीतकार नाच बसवतात. ज्याला येतं त्याने करावं, यापेक्षा ज्याला करावंसं वाटतं त्याने करावं, असा मामला.

कंटाळा येतो का? येतो. दुसऱ्या तासाला पाठ दुखते आणि बाहेर जाऊन गार काही तरी प्यावंसं वाटतं. तरी बहुतेक माणसं उठत नाहीत.

डनचा वर्ग इथे संपतो. त्यातलं काय रुजलंय ते पाहायचं तर पानगळीत परत या. शिक्षक नसला तरी मंडळी आपली आपण दर आठवड्याला भेटतात. आधी रेनरच्या स्टुडिओत, मग सोमवारी संध्याकाळी जडसनच्या जिममध्ये. कार्यक्रमात काय घ्यायचं ते सर्वांच्या मताने ठरतं. अध्यक्ष नाही, चिटणीस नाही. या पद्धतीत रात्रीच्या रात्री बोलण्यात जातात, हे कुठल्याही हौशी नाट्यसंस्थेत बसलेल्याला ठाऊक आहे. जडसनमध्येच १९६३च्या जानेवारीत रेनरची ‘वी शॅल रन’ पाहायला मिळते. रोजच्या कपड्यांतली बारा माणसं बर्लियोझच्या मृतात्म्यांसाठीच्या भव्य संगीतावर सात मिनिटं नुसती धावतात. त्यात तालमीत मुरलेले नर्तक आहेत आणि नाचाशी संबंध नसलेलेही. एका लयीत घोळका वळतो, फुटतो, पुन्हा जुळतो. कोण नर्तक आणि कोण नाही, हे पहिलं मिनिटभर तुम्ही ओळखू पाहता, मग तो नाद सोडता.

सोळाव्या कार्यक्रमापर्यंत, म्हणजे १९६४च्या वसंतापर्यंत, हा गट टिकला. त्याच वर्षी कनिंगहॅमची मंडळी जगाच्या दौऱ्यावर निघाली. पॅक्स्टन, जडसनचीच नर्तकी डेबोरा हे आणि रॉशेनबर्ग त्या मंडळींत होते. दौरा मुंबईला आला आणि अहमदाबादलाही, साराभाईंकडे. याच घरातल्या गीता साराभाईंनी १९४०च्या दशकात केजला भारतीय संगीत शिकवलं होतं. हवं तर परतताना मुंबईलाच उतरा आणि तिथल्या प्रेक्षकांत बसा. कनिंगहॅमचा नाच दिसेल, अतिशय घोटीव. सँडविच खाणारा मुलगा त्यात शिस्तीत नाचतोय. पडदा पडल्यावर शेजारचे गृहस्थ विचारतील, कसं वाटलं?