पोमरूनकाठची शुभवर्तमाने : लोकोनो ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासाची प्रस्तावना

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, गयाना, सुरिनाम आणि फ्रेंच गियाना या प्रदेशांत, नद्यांच्या काठाने वसलेल्या आरावाक लोकांची भाषा म्हणजे लोकोनो. आज ती सहज बोलणारे थोडेच उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक उतारवयातले आहेत. या एवढ्याशा भाषेत ख्रिस्ती धर्मवाङ्मयाची परंपरा मात्र अठराव्या शतकाच्या मध्यापासूनची आहे. तिच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या मराठी वाचकाचे मनापासून स्वागत. त्यासाठी धर्मशास्त्राची पदवी लागत नाही, श्रद्धेची अटही नाही. मजकूर सावकाश, पुन्हा पुन्हा वाचण्याची तयारी मात्र हवी.

1738 मध्ये मोरावियन पंथाचे दोन मिशनरी बर्बीस या तेव्हाच्या डच वसाहतीत आले आणि दोन वर्षांनी त्यांनी पिल्गरहुट ही वस्ती उभारली. भाषेला लिपी नव्हती, कोश नव्हता. एका गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हवाली केलेला, आरावाक बोलणारा एक मिश्रवंशीय मुलगा त्यांचा दुभाषी झाला. त्याच्या मदतीने येशूच्या चरित्राचा एक लहानसा वृत्तान्त या भाषेत उतरला. या वाङ्मयाची सुरुवात मी त्या मुलापासून धरतो. पुढे 1748 मध्ये आलेल्या थेओफिलस शुमानने व्याकरण आणि आरावाक-जर्मन कोश रचला. 1763 मध्ये कोफीच्या नेतृत्वाखाली गुलामांनी उठाव केला, त्या धामधुमीत पिल्गरहुट उद्ध्वस्त झाले. शुमानचे काम मात्र हस्तलिखितांच्या रूपाने वाचले आणि 1882 मध्ये पॅरिसमध्ये छापले गेले.

दुसरा टप्पा थिओडोर शुल्ट्स या मोरावियन मिशनऱ्याचा. त्याने 1802 मध्ये बायबलमधली ‘प्रेषितांची कृत्ये’ या भाषेत आणली. ती छापायला 1850 साल उजाडले आणि न्यूयॉर्कची अमेरिकन बायबल सोसायटी लागली. त्याचे व्याकरण फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या संग्रहात पडून होते. तिथल्या या कागदांच्या आधारे अमेरिकन अभ्यासक डॅनियल ब्रिंटनने 1871 मध्ये एक निबंध लिहिला. कोलंबस आणि त्याच्यामागून आलेल्या स्पॅनिशांनी बहामा, क्यूबा, हैती या बेटांवर टिपून ठेवलेले शब्द त्याने गयानाच्या आरावाकशी ताडून पाहिले आणि ती बेटांवरची बोली याच कुळातली असल्याचे दाखवले. बेटांवरची ती माणसे साथींनी आणि वेठबिगारीने केव्हाच संपवली होती. त्यांच्या बोलीचे कूळ ठरले ते जंगलातल्या एका मिशनमध्ये उपदेशासाठी केलेल्या टिपणांवरून. या अभ्यासाची ओढ मला लागली ती इथेच.

तिसरा टप्पा ब्रिटिश गयानाचा. अँग्लिकन मिशनरी विल्यम हेन्री ब्रेट 1840 मध्ये पोमरून नदीकाठी आला. एक आरावाक प्रमुख त्याच्याकडे आला आणि बाप्तिस्म्यानंतर कॉर्नेलियस म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्यासारख्यांच्या सहवासात ब्रेटने भाषा आत्मसात केली आणि शुभवर्तमाने उतरवली. विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना असे छोटे मजकूर त्याने चित्रांसह छापून घेतले आणि तेही आरावाकबरोबर कॅरिब, वाराऊ, अकावायो या शेजारच्या भाषांत. मुखपृष्ठावर नाव आले ते ब्रेटचे. पण वाक्य कानाला बरोबर लागते की नाही हे सांगणारे तोंड लोकोनोच होते, म्हणून ही पुस्तके मी मिशनऱ्यांइतकीच लोकोनोंचीही मानतो.

हे सारे मजकूर वाचताना दोन गोष्टींकडे लक्ष हवे. पहिली, लेखन. शुमान जर्मन कानाने लिहितो, ब्रेट इंग्रजी. एकच शब्द दोघांकडे अनोळखी वाटावा इतका बदलतो. दुसरी, लिंगव्यवस्था. लोकोनोत पुल्लिंग मुख्यतः स्वकीय पुरुषांसाठी राखलेले, उरलेले सारे जग दुसऱ्या वर्गात. मग परक्या देशातले प्रेषित, रोमी अधिकारी, देवदूत यांना अनुवादात कोणते सर्वनाम मिळते, हे ओळीओळीने तपासावे. परक्या कथेतली माणसे भाषेने कितपत आपली मानली याचा पुरावा त्यात सापडू शकेल.

मराठी वाचकाला ही वाट अगदीच परकी नाही. फादर स्टीफन्सने 1616 मध्ये गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ छापले तेव्हा त्याच्यापुढे ओवीची पिकलेली परंपरा होती; पिल्गरहुटच्या पहिल्या मिशनऱ्यांपुढे लिहिलेले एक अक्षरही नव्हते. आणि जसे पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणले, म्हणजे भाषेचे काम भाषेच्या लेकीने हाती घेतले, तसे वळण लोकोनोतही आले. ब्रेटच्या मिशनचे ठाणे असलेल्या कबाकाबुरीचे जॉन पीटर बेनेट हे गयानाच्या मूलनिवासींमधून झालेले पहिले अँग्लिकन धर्मगुरू. शाळा इंग्रजीकडे ओढत असताना आणि घरोघरी मुले आईबापांची भाषा सोडत असताना त्यांनी शब्द जमवले. त्यांचा आरावाक-इंग्रजी कोश 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. मिशनची परंपरा आणि भाषेची मालकी हे दोन्ही एका माणसात एकत्र आले. या क्षेत्रातले माझ्या मते सर्वांत मोलाचे काम तेच.

नव्या अभ्यासकाने सुरुवातही बेनेटपासून करावी. सोबत विलेम पेट यांचे लोकोनोचे व्याकरण ठेवावे. ते सुरिनामच्या बोलीवर आधारलेले असल्याने गयानाच्या बोलीशी पडणारे फरक टिपत जावे. मग शुल्ट्सची ‘कृत्ये’ घ्यावीत, कारण त्यांत प्रवास, भांडणे, तुरुंग, वादळे आहेत आणि अशा गोष्टीत क्रियापदे भरपूर भेटतात. पहिल्या दोन अध्यायांतून त्याच्या अक्षरांची आणि बेनेटच्या अक्षरांची जुळणी स्वतःच्या हाताने मांडावी. ती मांडणी झाली की पुढचे अध्याय बरेच सुकर होतात, आणि शुमानच्या कोशातले शब्दही हळूहळू ओळखीचे वाटू लागतात.