रिमोट कार स्टार्टर

मोटारीत न बसता रिमोटने किंवा मोबाइलवरून इंजिन सुरू करणारे विद्युत साधन. कॅनडा, अलास्का, मिनेसोटा अशा कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशांत ते सर्रास वापरतात. घरातूनच बटण दाबले की मालक बाहेर येईपर्यंत काचेवरचे बर्फ सुटू लागते आणि गाडी आतून ऊबदार होते. काही गाड्यांत ही सोय कारखान्यातूनच असते. इतरांत संच बाहेरून बसवून घेतात.

बसवणी : नियंत्रक पेटी डॅशबोर्डखाली ठेवून इग्निशन स्विचच्या वायरिंगला जोडतात. किल्ली फिरवल्यावर ज्या क्रमाने वीज पोचते, तोच क्रम ही पेटी पाळते. वायरी सोलून पीळ मारण्यापेक्षा त्या मॉडेलसाठी तयार मिळणारी जोडवायर वापरणे किंवा सांधे सोल्डर करणे चांगले. सैल सांधा तापतो. चिपवाली किल्ली ओळखणाऱ्या इमोबिलायझरसाठी वेगळे बायपास मोड्यूल लागते. कॅनडात १ सप्टेंबर २००७ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा आहे. बॉनेट उघडे असताना इंजिन सुरू होऊ न देणारा स्विच आणि किल्लीविना ब्रेक दाबताच ते बंद करणारी जोडणी कधीही गाळू नये. हाताने गिअर टाकायच्या गाडीत, ती न्यूट्रलमध्येच उभी केली आहे याची खात्री करणारी व्यवस्था हवी. नाहीतर गाडी आपोआप पुढे सरकेल.

बॅटरी का उतरते : गाडी उभी असतानाही नियंत्रक पेटी संदेशाची वाट पाहत थोडी वीज घेत राहते. गाडीतील सर्व उपकरणे मिळून ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह साधारणपणे ठीक मानतात. या दराने दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात आणि ६० अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे २५ दिवसांत निम्मी होते. बायपास मोड्यूल चुकीचे जोडले गेले आणि गाडीचे संगणक झोपलेच नाहीत, तर प्रवाह अर्ध्या अँपिअरवर जाऊ शकतो. मग तीच बॅटरी अडीच दिवसांत निम्मी होते. थंडीत बॅटरीची ताकद घटते, तेल घट्ट होते आणि स्टार्टर मोटरला जास्त वीज लागते. त्यात गाडी रोज दहा मिनिटे नुसती उभ्याने चालवली, तर ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर यांना वीज पुरवून बॅटरीच्या वाट्याला फारसे चार्जिंग येत नाही.

तपासणी : बॉनेटची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत आणावी, दारे लावून किल्ली दूर ठेवावी. बॅटरीची ऋण केबल सोडवून तिच्या व टर्मिनलच्या मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या पट्टीवर लावावा. अर्धा-पाऊण तास थांबून आकडा वाचावा. तोवर दार उघडू नये व गाडी सुरू करू नये, मीटरचा फ्यूज उडतो. आकडा मोठा असेल तर रिमोट स्टार्टरचा फ्यूज काढावा. प्रवाह पडला तर दोष संचात किंवा त्याच्या जोडणीत. न पडल्यास एकेक फ्यूज काढत पुढे जावे. हे मोजमाप न करता नवी बॅटरी घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे, कारण दोष जागेवरच राहतो.

निगा : विश्रांत अवस्थेत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. आठवड्यातून एकदा तरी लांबची फेरी मारावी किंवा मेंटेनर चार्जर लावावा. रिकाम्या बॅटरीतले आम्ल उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपासही गोठू शकते. गोठलेली बॅटरी चार्ज करू नये. बंद गॅरेजमध्ये रिमोटने इंजिन कधीही सुरू करू नये : कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो घरात शिरून जीव घेतो.