अल्बमची भैरवी

जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन शो झाले. तिकिटांसाठी केवढी मारामारी झाली, आठवतंय ना? त्या दौऱ्याला ज्या अल्बमचं नाव होतं, तो 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स' तुम्ही शेवटपर्यंत ऐकलाय का?

२०२१ चा हा अल्बम एका काल्पनिक ग्रहमालेवर बेतलाय. एकूण १२ ट्रॅक, आणि शेवटचा 'कलरातुरा' एकटाच १० मिनिटांहून मोठा! पियानो, गिटार, तंतुवाद्यं, सगळं सावकाश उलगडत जातं. कलरातुरा म्हणजे ऑपेरातली नक्षीदार, चपळ गायकी. आपल्या तानांची लांबची बहीणच म्हणा.

ही पद्धत जुनी आहे. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटं मावायची. १९४८ मध्ये एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली. मग गाण्यांचा क्रमच गोष्ट सांगू लागला. १९६७ मध्ये बीटल्सनी 'सार्जंट पेपर' संपवताना ४० वादकांचा ऑर्केस्ट्रा आणला. तो खालच्या सुरापासून चढत चढत जातो आणि शेवटी पियानोचा एकच कॉर्ड कितीतरी वेळ घुमत राहतो.

आपल्याला यात नवल वाटायला नको. आपली मैफलसुद्धा भैरवीनेच संपते. भैरवी सुरू झाली की कळतं, आता उठायची वेळ झाली. पण ती भिडते कुणाला? आधीचे राग बसून ऐकलेत त्याला. शफलवर मधेच लागलेला 'कलरातुरा' म्हणूनच नुसता लांबलचक वाटतो.

आणि ग्रहांचं म्हणाल, तर आपली एक भैरवी खरोखरच त्यांच्यापलीकडे गेलीय. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत आहे. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. त्यांची भैरवी अजून प्रवासातच आहे.

तर आज रात्री एवढंच करा: शफल बंद, पहिल्या ट्रॅकपासून सुरुवात. पाऊण तासही लागणार नाही. वाशीहून सीएसएमटीची लोकल पकडलीत, तर उतरेपर्यंत भैरवी लागलेली असेल!