मेटॅलिकाची वीट

आवडत्या बँडचा नवा अल्बम आला की पहिल्या दोन दिवसांत फॅन मंडळी जे बोलतात ते सहसा फार मनावर घ्यायचं नसतं. "आता पहिल्यासारखं राहिलं नाही" हे वाक्य प्रत्येक बँडच्या कुंडलीत लिहिलेलंच असतं. मेटॅलिकाच्या फॅन्सनी तर या विषयात पीएचडी केली आहे! १९८८ च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून बोंब. (पुढे कंप्युटर आले तेव्हा काही उत्साही लोकांनी घरी बसून बेस वर आणलेल्या स्वतःच्या आवृत्त्या बनवल्या.) १९९१ चा काळा अल्बम हळू आणि सोपा झाला, म्हणून बोंब. १९९६ च्या 'लोड'च्या वेळी तर चौघांनी केस कापले यावरूनही बोंब. आणि २००३ चा 'सेंट अँगर'... लार्स उलरिकने स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा मोकळ्या ठेवून रेकॉर्डिंग केलं. गॅलरीत कोणीतरी रिकामा पत्र्याचा डबा बडवतंय असा तो आवाज सव्वा तास ऐकावा लागतो. वर एकही गिटार सोलो नाही.

पण या सगळ्या तक्रारी शेवटी आवडीनिवडीच्या. तुम्हाला डबा आवडला नाही, लार्सला आवडला. भांडण संपलं. २००८ च्या सप्टेंबरमध्ये 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा मात्र काहीतरी वेगळं झालं. ती गोष्ट मला एक इंजिनियर म्हणून फार आवडते. तिथे फॅन्सचा पहिला अंदाज मोजून दाखवता आला.

आधी वातावरण सांगतो. 'सेंट अँगर'नंतर पाच वर्षं गेली होती. १९९१ पासूनचा प्रोड्यूसर बॉब रॉक जाऊन रिक रूबिन आला होता. रॉबर्ट ट्रुहियोचा बँडबरोबरचा हा पहिला स्टुडिओ अल्बम. जुन्या, ऐंशीच्या दशकातल्या मेटॅलिकाकडे परत जायचं, अशी एकूण दिशा होती. लांबलचक गाणी, वेगवान रिफ, आणि कर्क हॅमेटचे सोलो परत! ठरलेली तारीख १२ सप्टेंबर, पण फ्रान्समधल्या एका दुकानाने सीडी आधीच विकायला काढली आणि गाणी नेटवर फिरायला लागली. २००० साली नॅप्स्टरला कोर्टात खेचणारे हेच लोक, पण या वेळी लार्सने फारसं मनावर घेतलं नाही. असो.

पहिल्या ऐकण्यात लोकांना आनंदच झाला. गाणी खरंच चांगली आहेत. 'सेंट अँगर'नंतर तर उपवास सुटल्यासारखं वाटलं असणार. पण तीन-चार गाण्यांनंतर एक विचित्र तक्रार यायला लागली. डोकं दुखतंय. कान थकतात. ड्रम वाजतो तिथे चरचर येते, स्पीकर फाटलाय का? कोणी हेडफोन बदलून पाहिले, कोणी ही एमपीथ्रीची भानगड असेल म्हणून दुकानातून सीडी आणली. चरचर तिथेच. 'द डे दॅट नेव्हर कम्स' आणि 'ब्रोकन, बीट अँड स्कार्ड' या गाण्यांत तर अगदी स्पष्ट.

आता थोडं टेक्निकल. कंटाळू नका, दोन परिच्छेदांचं काम आहे. सीडीवरचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा १६ बिटचा. म्हणजे सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. त्याच्या वर जागाच नाही, तो स्लॅब. गाण्यातला बहुतेक वेळ आवाज स्लॅबच्या बराच खाली असतो आणि ड्रमचा एखादा ठोका क्षणभर वर उसळतो. त्या उसळीलाच आपला कान 'ठोका' म्हणतो. ढोल-ताशा पथक आठवा. ताशाची तर्री सतत चालू असते, आणि ढोलाची थाप तिच्यावर उसळून येते म्हणून छातीत बसते. थाप आणि तर्री एकाच उंचीवर आणली तर उरतो तो नुसता गोंगाट.

समजा मला माझं गाणं शेजारच्या सीडीपेक्षा मोठं वाजायला हवं. स्लॅब तर वर सरकत नाही. मग उपाय एकच, उसळ्या दाबायच्या आणि खालचं सगळं वर उचलायचं. कंप्रेसर आणि लिमिटर ही यंत्रं हेच करतात. थोडंसं केलं तर छान लागतं, रॉक संगीतात ते हवंच असतं. पण हाव सुटली की उसळ्या दाबल्या न जाता सरळ कापल्या जातात. प्रोग्रामरच्या भाषेत, ३२,७६७ पेक्षा मोठ्या प्रत्येक आकड्याच्या जागी ३२,७६७. गोलाई होती तिथे सपाट कडा, आणि त्या सपाट कडा म्हणजेच ती चरचर. मी माझ्या सीडीवरचं गाणं ऑडॅसिटीमध्ये उघडून पाहिलं होतं. चांगल्या रेकॉर्डिंगचा आलेख डोंगररांगेसारखा दिसतो. हा विटेसारखा दिसत होता. वरून सपाट, खालून सपाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला.

आता मुद्दा असा की एवढ्यावर फॅन्सना कोणी विचारलं नसतं. "तुमचे कान नाजूक" किंवा "हेवी मेटल आहे बाबा, मोठंच असणार" म्हणून गप्प बसवलं असतं. पुरावा आला तो एका व्हिडिओ गेममधून!

'गिटार हीरो ३' हा तेव्हाचा तुफान चाललेला गेम. प्लास्टिकची गिटार घेऊन पडद्यावर येणारी बटणं वेळेवर दाबायची. 'डेथ मॅग्नेटिक' ज्या दिवशी दुकानात आला त्याच दिवशी पूर्ण अल्बम या गेमसाठीही डाउनलोडला ठेवला होता. गेमची गंमत अशी की तुमचं बटण चुकलं की गाण्यातली गिटार तेवढ्यापुरती बंद पडते, बाकीचं गाणं चालू राहतं. म्हणजे गेमला गिटार वेगळी, बेस वेगळा, बाकीचं वेगळं असे तुकडे लागतात. ते तुकडे गेमवाल्यांना मिळाले ते शेवटच्या दाबादाबीतून न जाता. लोक गेम खेळायला बसले आणि त्यांच्या लक्षात आलं, अरे, इथे तर ड्रम ठणठणीत वाजतोय!

मग काय, कोणीतरी गेममधून आवाज काढला, सीडीच्या आलेखाशेजारी ठेवला, आणि ते चित्र जगभर फिरलं. वर डोंगर, खाली वीट. इयन शेफर्ड नावाच्या ब्रिटिश मास्टरिंग इंजिनियरने तुलना करून सांगितलं की सीडी सुमारे १० डेसिबलने जास्त मोठी आहे. १० डेसिबल म्हणजे कानाला साधारण दुप्पट.

ही फार सुंदर टेस्ट आहे. एरवी "नवं साउंड वाईट" म्हणणारा माणूस नव्याची तुलना जुन्या अल्बमशी करत असतो, म्हणजे गाणी वेगळी, स्टुडिओ वेगळा, वय वेगळं (ऐकणाऱ्याचंही!). इथे इनपुट तेच, वाजवणारे तेच, टेकसुद्धा तेच. बदलली फक्त शेवटची पायरी. आपल्याकडे बग शोधताना असं नशीब क्वचित मिळतं. हां, एक पथ्य पाळायला लागतं. दोन्हींचा व्हॉल्यूम सारखा करून ऐकायचं. कारण माणसाच्या कानाला थोडं मोठं तेच चांगलं वाटतं, आणि सगळं लफडं तिथूनच तर सुरू होतं. गेमची आवृत्ती काही परिपूर्ण नव्हती, बँडने मिक्सिंगला बसून ठरवलेला तोल तिच्यात नव्हता. पण ती श्वास घेत होती.

रीमास्टरची मागणी करणाऱ्या अर्जावर दहा हजारांहून जास्त सह्या झाल्या. टेड जेन्सन हे या अल्बमचे मास्टरिंग इंजिनियर, म्हणजे शेवटचा हात त्यांचा. साहजिकच शिव्या त्यांना बसत होत्या. एका फॅनला त्यांनी ईमेलवर उत्तर दिलं आणि ते बाहेर आलं. सारांश असा की मिक्स माझ्याकडे आलं तेव्हाच विटेसारखं ठोकलेलं होतं, आपणहून मी इतकं कधीच करणार नाही, आणि या कामाचा मला अभिमान नाही. म्हणजे टेस्टिंगवाल्याने सांगावं की बिल्ड माझ्याकडे आलं तेव्हाच मोडलेलं होतं! नावाजलेल्या माणसाने आपल्याच कामाबद्दल इतकं सरळ लिहिणं या धंद्यात दुर्मिळ.

लार्सचं म्हणणं उलटं. आवाजात काही बिघाड नाही, रूबिनला संगीत जिवंत, मोठं आणि उत्साही हवं असतं, मी गाडीत ऐकलं आणि मला जबरदस्त वाटलं, वगैरे. हे 'गाडीत' महत्त्वाचं आहे. गाडीत, हिंजवडीच्या बसमध्ये, रेडिओवर, जिथे आजूबाजूला गोंगाट आहे तिथे दाबलेलं संगीत खरंच बरं लागतं, कारण हळू भाग गोंगाटात बुडत नाहीत. लार्स खोटं बोलत नव्हता. तो गाडीत बसला होता आणि तक्रार करणारे हेडफोन लावून बसले होते, एवढंच.

आणि बाजाराने निकाल कोणाच्या बाजूने दिला? अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ४,९०,००० प्रती, बिलबोर्डवर थेट पहिला नंबर. २००९ च्या ग्रॅमीत 'माय अपोकॅलिप्स'ला सर्वोत्तम मेटल सादरीकरणाचं बक्षीस. रूबिनला 'प्रोड्यूसर ऑफ द इयर'! त्या वर्षीच्या त्याच्या कामांत हाच अल्बम होता. वीट बक्षीसपात्र ठरली.

खरं तर वीट काही मेटॅलिकाने शोधली नव्हती. एलपीच्या काळात खाचेची रुंदी आणि सुई यांच्यामुळे मोठेपणाला आपोआप लगाम होता. सीडी आणि डिजिटल लिमिटर आल्यावर तो सुटला आणि नव्वदच्या दशकात प्रत्येक जण शेजाऱ्याच्या वर आवाज करायला लागला. याला लाउडनेस वॉर म्हणतात. ओएसिसचा १९९५ चा अल्बम, रेड हॉट चिली पेपर्सचा १९९९ चा 'कॅलिफॉर्निकेशन' ही आधीची गाजलेली उदाहरणं, आणि 'कॅलिफॉर्निकेशन'चा प्रोड्यूसर कोण? पुन्हा रूबिनच. ऑडिओ इंजिनियर मंडळी वर्षानुवर्षं ओरडत होती, पण ते सगळं त्यांच्या त्यांच्यात. सामान्य श्रोत्याला, तेही मेटल ऐकणाऱ्याला, "हे फार मोठं आहे" म्हणायला लावलं ते 'डेथ मॅग्नेटिक'ने. वॉल स्ट्रीट जर्नलसारख्या शेअरबाजाराच्या पेपरनेही त्याच महिन्यात बातमी केली.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते 'द डे दॅट नेव्हर कम्स'बद्दल. गाण्याची रचनाच अशी आहे की सुरुवात हळू, स्वच्छ गिटारवर, आणि मग पायरीपायरीने चढत शेवटी धुमश्चक्री. 'फेड टू ब्लॅक' आणि 'वन' याच घराण्यातलं गाणं. या घराण्याचा सगळा जीव चढण्यात आहे. इथे गाणं मध्यावर येईपर्यंतच स्लॅबला टेकतं आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत चौघं जीव तोडून वाजवतात तेव्हा वर जायला जागाच उरलेली नसते. हातांचा वेग वाढलेला कळतो, आवाज तिथल्या तिथेच राहतो.

पुढे २०१० मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने लाउडनेस मोजायचा नियम काढला आणि नंतर स्ट्रीमिंगवाल्यांनी तीच मोजपट्टी उचलली. स्पॉटिफाय आपणहून प्रत्येक गाणं साधारण उणे १४ एलयूएफएस या एकाच पातळीवर आणून वाजवतं. ती सेटिंग तुम्ही बंद केली नसेल तर 'डेथ मॅग्नेटिक' आज तुमच्या फोनवर इतरांपेक्षा मोठा वाजतच नाही. ज्यासाठी एवढं दाबलं तो फायदा सॉफ्टवेअर एका वजाबाकीत काढून घेतं. २०१५ मध्ये आयट्यून्ससाठी नव्याने मास्टर केलेली, थोडी मोकळी आवृत्ती निघाली. माझ्या सीडीवर मात्र कापलेले ठोके कापलेलेच आहेत. ३२,७६७ च्या वर काय होतं ते त्या फाइलला आता माहीत नाही.