तुलांबेनची ‘लिबर्टी’ : टॉर्पेडोने फोडलेले, ज्वालामुखीने बुडवलेले जहाज

१/
बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नावाचे एक छोटे गाव आहे. पर्यटनाच्या जाहिरातींत दिसते तशी पांढरी वाळू येथे नाही. किनाऱ्यावर काळे, गुळगुळीत गोटे पसरलेले आहेत. तरीही बेटाच्या दक्षिण भागातून रोज पहाटे गाड्या निघतात, स्कूबा डायव्हर येथे उतरतात, दोन-तीन बुड्या मारतात आणि सायंकाळी परततात. त्यांना पाहायचे असते ते एक जहाज. ते घायाळ झाले १९४२ मध्ये, युद्धात. बुडाले मात्र १९६३ मध्ये, युद्ध संपून अठरा वर्षे लोटल्यावर. या दोन तारखांमधील अंतर समजले, तरच तुलांबेन समजते.

२/
प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अनेक पर्यटक या जहाजाला ‘लिबर्टी शिप’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने एकाच आराखड्यावरून सत्तावीसशेहून अधिक मालवाहू जहाजे बांधली. त्या वर्गाला ते नाव होते. त्यांतील पहिले जहाज सप्टेंबर १९४१ मध्ये पाण्यात उतरले. तुलांबेनचे जहाज त्याहून बरेच जुने. न्यू जर्सीतील कार्नी येथील गोदीत १९१८ साली बांधलेल्या या जहाजाचे स्वतःचेच नाव ‘लिबर्टी’ होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते अमेरिकी नौदलाच्या सेवेत होते. नंतर व्यापारात गेले. आणि दुसरे महायुद्ध अमेरिकेच्या दाराशी येऊ लागले तेव्हा सैन्याने ते वाहतुकीसाठी ताब्यात घेतले. जहाजाची लांबी सुमारे १२५ मीटर.

३/
जानेवारी १९४२. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला जेमतेम महिना उलटलेला. २ जानेवारीला मनिला जपानच्या हाती पडले. ११ जानेवारीला जपानी सैन्य बोर्निओजवळील ताराकान बेटावर आणि सुलावेसीतील मनाडो येथे उतरले. डच ईस्ट इंडीजवरील, म्हणजे आजच्या इंडोनेशियावरील आक्रमणाला अशा प्रकारे प्रारंभ झाला. त्याच दिवशी ‘लिबर्टी’ ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सच्या दिशेने निघालेली होती. तिच्या पोटात रेल्वेचे सुटे भाग आणि रबर असा माल असल्याचे सांगितले जाते. लोम्बोक सामुद्रधुनीच्या नैर्ऋत्येस सुमारे दहा सागरी मैलांवर एका जपानी पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो डागला. ही पाणबुडी इतिहासात ‘आय-१६६’ या नावाने ओळखली जाते.

४/
जहाज फुटले, पण बुडाले नाही. अमेरिकी विनाशिका ‘पॉल जोन्स’ आणि डच विनाशिका ‘व्हॅन गेंट’ यांनी ते ओढत नेण्यास सुरुवात केली. लक्ष्य होते बालीच्या उत्तर किनाऱ्यावरील सिंगाराजा. नावातील ‘सिंहराज’ मराठी वाचकाच्या कानाला सहज ओळखू येईल. डच अमदानीत बालीचा कारभार तेथूनच चाले आणि बंदरही तेथेच होते. परंतु जहाजात पाणी भरत चालले. सिंगाराजा गाठणे अशक्य आहे हे दिसताच निर्णय बदलण्यात आला आणि वाटेवरच, तुलांबेनच्या किनाऱ्याला, जहाज मुद्दाम टेकवण्यात आले. निदान माल तरी वाचावा, हा हेतू.

५/
या निर्णयाचे महत्त्व समुद्राचा नकाशा पाहिल्यावर कळते. बाली आणि लोम्बोक यांच्यामधील सामुद्रधुनी अरुंद असली तरी शेकडो मीटर खोल आहे. प्राण्यांच्या प्रसाराचा अभ्यास करणाऱ्या आल्फ्रेड रसेल वॉलेसने आशियाई आणि ऑस्ट्रेलियाई जीवसृष्टीची सीमारेषा येथूनच ओढली. प्रशांत महासागराचे पाणी हिंदी महासागरात ज्या वाटांनी लोटते, त्यांतील ही एक. त्यामुळे प्रवाहही बलवान. टॉर्पेडो लागला त्याच ठिकाणी ‘लिबर्टी’ बुडाली असती, तर ती युद्धनोंदींतील एक ओळ होऊन राहिली असती. दोर बांधून तिला काही तास ओढणाऱ्या दोन विनाशिकांनी तिला इतिहासाच्या आवाक्यात आणून ठेवले.

६/
त्या घटनेतील पात्रांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. ‘व्हॅन गेंट’ पाच आठवड्यांनी, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी, खडकावर चढली आणि तिचा नाश करावा लागला. ‘आय-१६६’ला जुलै १९४४ मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीत ‘टेलिमॅकस’ या ब्रिटिश पाणबुडीने बुडवले. मारणारी आणि वाचवणारी, दोघीही समुद्राच्या तळाशी गेल्या. मरणासन्न म्हणून किनाऱ्याला लावलेली ‘लिबर्टी’ मात्र तेव्हाही उभीच होती.

७/
फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य बालीच्या दक्षिणेस सानुर येथे उतरले आणि बेट त्यांच्या ताब्यात गेले. पुढे युद्ध संपले, डच परत आले, त्यांच्याशी संघर्ष झाला, इंडोनेशिया स्वतंत्र झाला. या साऱ्या काळात तुलांबेनच्या किनाऱ्यावर सव्वाशे मीटर लांबीचा लोखंडी सांगाडा गंजत पडून होता. त्यातला उपयोगी माल आणि काढता येण्याजोगे लोखंड लोकांनी हळूहळू उतरवून नेले. हा भाग इंडोनेशियातील रुक्ष प्रदेशांपैकी. बालीच्या प्रसिद्ध भातखाचरांचे ऐश्वर्य येथे नाही. अशा किनाऱ्यावर लोखंडाचा तुकडासुद्धा वाया जात नसे. एकवीस वर्षे ही नौका गावासाठी स्मारक नव्हती. उघड्यावरची खाण होती.

८/
तुलांबेनच्या पाठीशी तीन हजार मीटरहून उंच असा आगुंग पर्वत उभा आहे. ‘आगुंग’ म्हणजे महान. बालीतील हिंदूंच्या दृष्टीने तो देवांचे आसन. त्याच्या उतारावरील बेसाकी हे बेटाचे सर्वोच्च मंदिर. त्याच्या नावाचा संबंध वासुकी नागाशी जोडला जातो. १९६३ मध्ये तेथे ‘एका दासा रुद्र’ नावाचा महाविधी ठरला होता. हा ‘एकादश रुद्र’ अकरा दिशांच्या रुद्रशक्तींना शांत करण्याचा, परंपरेने शतकातून एकदा होणारा विधी. आणि त्याची तयारी चालू असतानाच, १८ फेब्रुवारी १९६३ रोजी, पर्वत गरजू लागला.

९/
काही दिवसांतच उत्तर उतारावरून लाव्हारस वाहू लागला. तो सुमारे सात किलोमीटर खाली आला. विधीचा मुख्य दिवस ८ मार्च. तो पार पडला. १७ मार्चला पर्वताचे मुख फुटले. राखेचा स्तंभ कित्येक किलोमीटर उंच गेला. तप्त वायू, राख आणि दगड यांचे लोट उतारांवरून वेगाने खाली धावले आणि वाटेतील गावे भाजून गेली. लाव्ह्यापासून माणूस चालतही दूर जाऊ शकतो. या लोटांपासून पळून सुटका नसते. १६ मे रोजी दुसरा मोठा उद्रेक झाला. पावसाने राखेचा चिखल नद्यांतून वाहून आणला आणि त्यातही माणसे गेली. एकूण मृतांची संख्या हजाराच्या बरीच वर होती. बेसाकी मंदिर मात्र थोडक्यात बचावले.

१०/
जे जगले त्यांची शेते राखेखाली होती. कारांगासेम हा पूर्व बालीचा जिल्हा अन्नटंचाईने पोळला. हजारोंनी घर सोडले आणि काही कुटुंबांना दूरच्या बेटांवर वसवण्यात आले. आगुंगने आकाशात फेकलेले गंधकयुक्त सूक्ष्म कण वातावरणाच्या वरच्या थरात पसरले आणि पृथ्वीचे सरासरी तापमान तात्पुरते अंशाच्या काही दशांशांनी उतरले. ज्वालामुखी हवामान कसे बदलतो हे आधुनिक उपकरणांनी नोंदवलेल्या आरंभीच्या मोठ्या उदाहरणांत १९६३ च्या आगुंगची गणना होते.

११/
याच उद्रेकाबरोबर आलेल्या हादऱ्यांनी किनारा हलला आणि ‘लिबर्टी’ उतारावरून समुद्रात घसरली. ती फार दूर गेली नाही. ज्वालामुखीचा उतार पाण्याखालीही तसाच पुढे जातो. त्या काळ्या वाळूच्या उतारावर ती किनाऱ्याला समांतर, एका कुशीवर जाऊन पडली. तिचा वरचा भाग दहा मीटरहून कमी खोलीवर आणि सर्वांत खालचा सुमारे तीस मीटरवर. ज्या पर्वताने गावे गिळली, त्यानेच ही नौका या विशिष्ट खोलीवर नेऊन ठेवली. पुढच्या इतिहासाची किल्ली या दोन आकड्यांत आहे.

१२/
कारण याच दशकात जगाच्या दुसऱ्या टोकाला माणूस पाण्याखाली उतरण्याचे नियम बांधत होता. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ‘ॲक्वालंग’ तयार केले आणि पाठीवरच्या सिलिंडरमधून गरजेपुरती हवा घेत पोहणे शक्य झाले. परंतु खोलीवर श्वासावाटे शरीरात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर आल्यास बुडबुडे होऊन जीव घेऊ शकतो. म्हणून प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रे आली. १९६६ मध्ये अमेरिकेत ‘पाडी’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या प्राथमिक प्रमाणपत्राची शिफारस केलेली मर्यादा १८ मीटर. त्यापुढच्या टप्प्याची ३० मीटर. ‘लिबर्टी’ची मोजमापे पुन्हा पाहावीत. जणू अभ्यासक्रम समोर ठेवूनच तिला तेथे मांडले आहे.

१३/
पर्यटकांना बालीपर्यंत आणणारी व्यवस्थाही तेव्हाच घडत होती, आणि तिचे मूळही युद्धातच होते. १९५८ च्या करारानुसार जपानने इंडोनेशियाला युद्धाची नुकसानभरपाई देण्यास प्रारंभ केला. त्या पैशातून सानुरच्या किनाऱ्यावर ‘बाली बीच हॉटेल’ उभे राहिले आणि १९६६ मध्ये उघडले. जपानी सैन्य १९४२ मध्ये उतरले होते तोच हा सानुरचा किनारा. १९६९ मध्ये बेटाचा विमानतळ आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी खुला झाला. आज ‘लिबर्टी’कडे निघणाऱ्या अनेक गाड्या सानुरहूनच सुटतात. टॉर्पेडो आणि हॉटेल, दोन्हींचा खर्च एकाच देशाने केला, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

१४/
या एकदिवसीय सहलीची रीत आता ठरून गेली आहे. प्रमाणपत्र तपासले जाते. मार्गदर्शक खोली, वेळ आणि प्रवाह समजावून सांगतो. दोन बुड्यांमध्ये शरीरातील नायट्रोजन उतरावा म्हणून विश्रांती असते. परतीचा रस्ताही विचारपूर्वक निवडावा लागतो: सुमारे १५०० मीटर उंचीच्या किंतामानीवरून गेल्यास हवेचा दाब कमी होऊन विमानप्रवासासारखाच धोका संभवतो; म्हणून किनाऱ्यालगतची वाट बरी. ज्वालामुखीच्या बेटावर समुद्र आणि डोंगर एकाच दिवसात भोगता येत नाहीत. आणि गोट्यांच्या किनाऱ्यावर गाडी जात नसल्याने पंधरा किलोंहून जड सिलिंडर गावातील स्त्रिया डोक्यावर वाहून नेतात. परदेशी डायव्हर ज्या गोट्यांवर तोल सांभाळत अडखळतो, त्यांवरून त्या सहज चालत जातात. पूर्वी याच किनाऱ्यावर जहाजातले लोखंड उतरत असे. आता जहाज न्याहाळू इच्छिणाऱ्यांची हवा उतरते.

१५/
हा बदल किरकोळ नाही. २७ फेब्रुवारी १९४२ च्या जावा समुद्रातील लढाईत बुडालेल्या डच क्रूझर ‘डे रॉयटर’ आणि ‘जावा’ यांचा शोध घेण्यासाठी २०१६ मध्ये मोहीम गेली, तेव्हा तळाशी जहाजांऐवजी केवळ त्यांच्या आकाराचे खळगे आढळले. शेकडो खलाशांची ती जलसमाधी भंगाराच्या लोभाने उचलून नेली गेली होती. खोल, दूर, कोणाचेही रोजचे लक्ष नसलेले पाणी. ‘लिबर्टी’ टिकली, कारण तुकडे करून विकण्यापेक्षा जागेवर राहण्यातच गावाचा लाभ झाला. मात्र तीही अमर नाही. गंज आणि लाटा रोज आपले काम करतात, पाहायला आलेल्यांचे हात आणि पंख लागून प्रवाळ मोडते. तिच्या पोटात रात्र काढणारे मोठे पोपटमासे आणि वाळूत अर्धे अंग रोवून डोलणारे ईल पाहताना ती दरवर्षी थोडी कमी होत आहे, याचे भान सुटते.

१६/
२०१७ मध्ये आगुंग पुन्हा जागा झाला. लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली, नोव्हेंबरमध्ये विमानतळ बंद पडला आणि सहली थांबल्या. आधीच्या उद्रेकाने दिलेली उपजीविका पुढच्या उद्रेकाने काही काळ काढून घेतली. मार्गदर्शक सांगतात त्या कथेत टॉर्पेडो सविस्तर येतो, मासे त्याहून सविस्तर येतात, आणि ज्वालामुखी बहुधा एका वाक्यात उरकतो. पण स्थानिक समजुतीनुसार ‘तुलांबेन’ हे नावच ‘पुष्कळ दगड’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. ते दगड पर्वताने टाकलेले आहेत. जहाजापर्यंत जाणाऱ्या प्रत्येकाला पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांवरूनच चालावे लागते.