नाव उरलं, माणसं?

मुरबाडहून एसटीने वैशाखरे, मग पायी नाणेघाट. गुहेत सातवाहन राजघराण्याचे पुतळे होते. मोबाइलचा टॉर्च मारला तर फक्त पावलांच्या खुणा. वर ब्राह्मीत नावं: सिमुक, नायनिका, सातकर्णी आणि एक महारठी.

तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता मोडली. पुढच्या शंभरेक वर्षांत तिकडे हॉलंडच्या किनाऱ्यावरचे फ्रिसियन पांगले, गावं ओस पडली. नंतर दुसरेच लोक येऊन वसले आणि तेही फ्रिसियनच म्हणवले गेले.

आमच्याकडे काहीजण त्या ‘महारठी’पासून थेट स्वतःपर्यंत वंशावळ लावतात. शब्दाचं नातं असेलही. रक्ताचं कोण सांगणार? लेखात यज्ञ आहेत, दान दिलेल्या गायी आहेत. बाहेर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण. त्यात पावसाचं पाणी साचलेलं.