काळा खंड

‘ब्लॅकमेल’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्यातल्या ‘मेल’चा टपालाशी संबंध असावा, असे सहज वाटून जाते. तो तसा नाही. जुन्या स्कॉट्स भाषेत ‘मेल’ म्हणजे खंड किंवा भाडे. बोलणे, ठराव अशा अर्थाच्या एका जुन्या नॉर्स शब्दापासून तो आला. घरभाडे ते ‘हाउस-मेल’, चराईचा पैसा तो ‘ग्रास-मेल’ आणि खंडाने कसायला घेतलेले शेत ते ‘मेलिंग’. सोळाव्या शतकात स्कॉटलंड-इंग्लंड सरहद्दीवर ‘ब्लॅकमेल’ वावरू लागला तो याच कुळातला शब्द म्हणून. गुपित फोडण्याची धमकी त्याला चिकटली ती पुष्कळ नंतर, एकोणिसाव्या शतकात. मग तो काळा का? पांढरा खंड चांदीच्या नाण्यांत, काळा गुराढोरांत, असे एक स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. मला ते पटत नाही, कारण 1601 च्या इंग्रजी कायद्याने रोकड, धान्य, गुरे या सगळ्यांनाच ब्लॅकमेल म्हटले आहे. काळेपणा वस्तूत नव्हता, घेणाऱ्याला ते घेण्याचा हक्क नव्हता यात होता. हा खंड जमिनीच्या धन्याला जात नव्हता. गुरे पळवून नेण्याची ताकद ज्याच्यात होती, त्याला तो जात होता.

तरीही ही निव्वळ लूट होती, असे म्हणून मोकळे होता येत नाही. जिथे राजाचा हात पोहोचत नव्हता, तिथे रक्षणाची ही किंमत ठरली होती, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा कायद्यांतच आहे. 1567 च्या स्कॉटिश कायद्याचा रोख चोरांच्या अभयाखाली बसून त्यांना ब्लॅकमेल भरणाऱ्या प्रजेवरही होता. 1601 च्या कायद्याने कंबरलँड, नॉर्थंबरलँड, वेस्टमरलँड आणि डरहॅम या प्रदेशांत ते घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही गुन्हेगार ठरवले. नाडलेल्या माणसाला शिक्षा सांगणारे हे कायदे पहिल्या वाचनात क्रूर वाटतात, आणि ते क्रूर होतेच. पण त्यांतून सरकारची खरी चिंता दिसते. ज्याला प्रजा खंड भरते तोच तिचा धनी होऊन बसतो, आणि सरहद्दीवर असे धनी अनेक झाले होते.

पुढे उत्तरेच्या डोंगराळ मुलखात हा व्यवहार रीतसर कागदावर आला. 1741 चा एक करारनामा वॉल्टर स्कॉटने आपल्या ‘रॉब रॉय’ कादंबरीच्या नंतरच्या प्रस्तावनेत छापला आहे. पर्थ, स्टर्लिंग, डंबार्टन भागांतले जमीनदार एका बाजूला, आणि ज्याच्या नावाची ही कादंबरी त्या रॉब रॉयचा पुतण्या, ग्लेनगाइलचा मॅक्ग्रेगर, दुसऱ्या बाजूला. आकारलेल्या खंडाच्या दर शंभर पौंडांमागे साल चार पौंड द्यायचे. त्याबदल्यात चोरीला गेलेली गुरे ठरल्या मुदतीत परत आणायची, नाही तर किंमत भरून द्यायची. किरकोळ चोऱ्या मात्र यात धरलेल्या नाहीत. या माणसाची सही ‘जेम्स ग्रॅहम’ अशी आहे, कारण मॅक्ग्रेगर हे आडनाव लावायलाच तेव्हा कायद्याने बंदी होती. ज्याला स्वतःचे नाव लावण्याची मुभा नाही, त्याच्याशी प्रतिष्ठित जमीनदार लेखी करार करतात, यावरून न्यायालयांवर त्यांचा भरवसा किती उरला होता ते कळते.

यावर सरळ आक्षेप असा की चोरच राखणदार असेल तर करार कसला? भीतीने दिलेली संमती ही संमती नव्हे. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि लहान कुळांच्या बाबतीत तर पूर्णपणे. जमीनदाराला निदान अटी घालता येत होत्या. दोन गाई बाळगणाऱ्याला तेही शक्य नव्हते. पण सरकारने तरी काय केले? 1725 मध्ये जनरल वेडने डोंगराळ भागातल्याच माणसांच्या तुकड्या पहाऱ्यासाठी उभ्या केल्या. 1739 मध्ये त्यांची पलटण झाली, तीच पुढची ‘ब्लॅक वॉच’. काम तेच, माणसेही त्याच मुलखातली; पगार तेवढा राजाचा. 1743 मध्ये ही पलटण दक्षिणेत नेली गेली तेव्हा राखणदारीची जागा पुन्हा मोकळी झाली.

इंग्रजी इतिहासलेखनात मराठ्यांच्या चौथाईलाही ‘ब्लॅकमेल’ म्हटले गेले आहे. चौथाई म्हणजे एका लुटारूला पैसे देऊन टाळणे, रक्षणाची हमी त्यात नव्हती, असे जदुनाथ सरकारांचे म्हणणे. न्यायमूर्ती रानड्यांनी तिची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली. वाद चौथाईपुरता बाजूला ठेवला तरी सरकारांची कसोटी उपयोगी आहे: पैसे देणाऱ्याच्या पदरात काय पडले? त्या कसोटीवर ग्लेनगाइलचा करार उतरतो, कारण त्यात भरपाईची जबाबदारी स्पष्ट आहे. देशात युद्ध पेटल्यास करार रद्द, असेही त्यात लिहिले होते. चार वर्षांनी युद्ध पेटलेच, आणि हा राखणदार राजाविरुद्ध बंडात उतरला.